मोराच्या चोचीखालचा ठिपका

बाई, तो मोराचा कागद परवा पुन्हा माझ्या टेबलावर आला. सव्वीस वर्षांनी. आपल्या शेठचा मुलगा, म्हणजे आताचा शेठ, स्वतः घेऊन आला. दागिन्यांचा कारखाना आता अंधेरीतल्याच एका काचेच्या बिल्डिंगमध्ये हलवायचाय आणि तिथल्या रिसेप्शनमध्ये हाताने रंगवलेली जुनी डिझाइनं फ्रेम करून लावायची, अशी टूम निघाली आहे. कपाटातले गठ्ठे उपसून त्याने सहा-सात कागद निवडले, त्यात हा पहिला. म्हणाला, "मॅडम, हा एकदम झकास आहे. फक्त चोचीखालचा तो डॉट काढून टाका ना. पप्पा सांगायचे, त्या डॉटमुळे सगळा लॉट परत आलेला." मी म्हटलं, बघते. तो गेल्यावर कागद पालथा घातला आणि डबा खायला गेले. संध्याकाळपर्यंत तो तसाच पडून होता. खोटं कशाला सांगू, मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

आज रविवार. घाटकोपरच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायला बसले आहे. बाहेरच्या खोलीत नवरा पेपर वाचतोय, त्याला वाटतंय मी वाणसामानाची यादी करतेय. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. पण सांगायचं तर ते तुम्हालाच, आणि सांगण्यासारखं होतं तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही. आता दमले आहे, बाई. दमलेल्या माणसाला खरं बोलणं जरा सोपं जातं म्हणतात, बघू.

मी तुमच्याकडे आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. आमच्या घरात चित्रकलेचं कौतुक बेताचंच. बाबांची गिरणी सुटून ते एका सोसायटीत वॉचमन झाले होते, आणि आई माझ्या रंगांच्या डब्याकडे बघून म्हणायची, "चित्रां काढून पोट भरतला काय गो?" भरेल असं मलाही वाटत नव्हतं. तुम्ही आधी शाळेत ड्रॉइंग शिकवायचात, त्यामुळे कारखान्यातही तुम्हाला सगळे बाईच म्हणत. गुजराती शेठ म्हणे, वरच्या मजल्यावरचे बंगाली कारागीर म्हणत, चहावालाही म्हणे. खिडकीजवळचं टेबल तुमचं. तुमचा चष्मा लांबचा, जवळचं बघताना तो काढून डोक्यावर चढवायचात, आणि नाक कागदाला टेकेल इतक्या खाली वाकायचात. पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाईंना धड दिसत नाही. हा माझा पहिला गैरसमज, आणि पुढे तोच माझ्या कामी आला.

काम तसं साधं. खरखरीत काळ्या कागदावर दागिना जसाच्या तसा, खऱ्या मापाचा रंगवायचा. सोन्याला पिवळा, माणकाला लाल, आणि हिऱ्याला पांढरा. ट्यूबवर ग्वाश लिहिलेलं असायचं, आपण सगळे पोस्टर व्हाइटच म्हणायचो. मी पहिला हिरा रंगवला तो गच्च पांढरा भरून. तुम्ही बघितलात आणि विचारलंत, "हे काय, साबुदाणा?" पलीकडचे दोघं हसले. मग तुम्ही एक सुटा हिरा मागवून घेतलात, काळ्या कागदावर ठेवलात आणि माझं डोकं धरून खाली वाकवलंत. "बघ नीट. यात पांढरं किती आहे?" मी बघते तर आत बराचसा काळाच, थोडा राखाडी, आणि कडेला केसाएवढी एक पांढरी रेघ. तुम्ही म्हणालात, "हिरा पांढरा असतो असं तुला कुणी सांगितलं? काळा रंग कागदच देतो आपल्याला, तो वापर. पांढरा म्हणजे मीठ. आधी बेताने, मग चव बघून." माझे कान लाल झाले होते, पण त्या दिवशी मी जे शिकले त्यावर आजवर जगले आहे.

दुसरं शिकवलंत ते वाट बघायला. पांढरा ओला असताना असा उजळतो की वाटतं, झालं, जमलं. सुकला की खाली बसतो, कागदाचा काळा त्याला पिऊन टाकतो. मी घाईघाईने त्यावर दुसरा हात द्यायची, मग खालचा रंग सुटून वर यायचा आणि हिऱ्याची राख व्हायची. "ओला पांढरा सगळ्यांना फसवतो," तुम्ही म्हणायचात. "सुकू दे, मग बोल." तिसरी गोष्ट ब्रशची. तो झटकायचा नाही, फडक्याला पुसायचा. कारण वर बसलेला कारागीर कागदावर बोट ठेवून दगड मोजतो, आणि काळ्यावर जे पांढरं दिसेल तो त्याच्यासाठी हिरा. तुम्ही दिवसातून दोनदा तरी बजावायचात, "फुकटचं पांढरं नको गं कागदावर."

आता तो दिवस. डबा खायची वेळ आहे, सगळे गच्चीवर गेलेत. मला माझं रंगवायचं पान संपवायचंय म्हणून मी एकटीच बसले आहे. शेजारी तुमच्या तिरक्या फळीवर पेंडंटचा मोर आहे. चार दिवस तुम्ही त्याच्यावर होतात, संध्याकाळी तो वर कारागिरांकडे जायचा होता. पिसाऱ्यात एकेक हिरा असा बसवलेला की कागद हलवला तर लुकलुकेल. मी ब्रश पाण्यात बुडवते, पुन्हा पांढऱ्यात, पांढरा जास्त येतो, आणि हात आपोआप झटकला जातो. फडकं घ्यायला उठायचा कंटाळा, दुसरं काही नाही. एक थेंब उडाला तो मोराच्या चोचीच्या बरोबर खाली. मोहरीएवढा, ओला, चमकणारा. टिपायला गेले तर त्या खरखरीत कागदावर पांढरा फासला जाणार, ब्लेडने खरवडला तर कागदाचे तंतू वर येणार. मी त्याच्याकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, सुकल्यावर बसेल खाली, दिसणार नाही. तुम्ही शिकवलेलंच मी तुमच्यावर उलटवलं. तो सुकला आणि दिसत राहिला. गच्चीच्या जिन्यावर तुमच्या चपला वाजल्या तेव्हा मी मान खाली घालून माझ्या पानावर होते.

त्या दुपारी तुम्ही जागेवर येऊन बसलात. चष्मा डोक्यावर सरकवून बराच वेळ मोरावर वाकून होतात, पण ते रोजचंच होतं. एकदा फक्त म्हणालात, "पाणी बदल गं, गढूळ झालंय." मी बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर एक फडकं ठेवलेलं. जुन्या मऊ सुती साडीचं, चौकोनी, चारही कडा हाताने दुमडून शिवलेल्या. "ब्रश यात पुसत जा," एवढंच म्हणालात. मला वाटलं, सगळ्यांनाच दिली असतील. नंतर बघितलं, दुसऱ्या कुणाच्या टेबलावर नव्हतं. तरी मी त्याचा काही अर्थ लावला नाही. अर्थ लावला असता तर मला उठून तुमच्याकडे यावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी लॉट परत आला. गिऱ्हाइकाने पेन्सिलचं स्केच बघून ऑर्डर दिली होती, त्यात चोचीखाली काही नव्हतं. कारागिराने कागदाबरहुकूम तिथे एका बारीक तारेवर एक हिरा टांगला होता, आणि तो बायकांच्या पदराला अडकत होता. केबिनमध्ये शेठ, तुम्ही आणि तो म्हातारा कारागीर. मला कागद घेऊन बोलावलं. शेठ म्हणाले, "स्केचमध्ये नाय, मग हा आला कुठून?" कारागीर हात जोडून सांगत होता, "साब, हमने तो वही बनाया जो कागज पे है. पूरा पत्थर है, साब, देखो तो सही." शेठनी बघितलं नाही. "पत्थर कसला, रंगाचा शिंतोडा आहे. बाई, तुम्हाला एवढा पण दिसला नाही?" मी दारात उभी होते, कागद माझ्या हातात होता, आणि मी अजून कायम झाले नव्हते. तुम्ही माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. म्हणालात, "कागद माझ्या हातचा आहे. विचारायचं ते मला विचारा." मग शेठचा आवाज खाली आला, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. "बाई, एकदा डोळे दाखवून घ्या."

त्यानंतर रंगवायचं काम तुमच्याकडून गेलं. तुम्हाला आतल्या खोलीत जुने कागद लावायला बसवलं. कुणी तुमच्याशी वाईट वागलं नाही, उलट जरा जास्तच मोठ्याने बोलायला लागले, जसं काही नजरेबरोबर कानही गेले होते. चार महिन्यांत तुम्ही सोडलंत. खिडकीजवळचं टेबल मला मिळालं, आणि मी कायम झाले. मोराचा कागद तुम्हीच स्वतःच्या हाताने कपाटात लावून गेला होतात. सव्वीस वर्षं तो माझ्या खुर्चीपासून पाच पावलांवर होता आणि मी एकदाही काढून बघितला नाही.

सांगायचंच म्हणून मी एकदा मुलुंडला तुमच्या घरी आले होते. तुम्हाला आठवत असेल. दुपार होती, तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून उशीचा अभ्रा शिवत होतात. "कशाला गं एवढ्या उन्हाची आलीस," म्हणत तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे केलात, गूळ दिलात, आणि माझ्याशी बोलता बोलता सुईत दोरा ओवलात. एका फटक्यात, चष्मा डोक्यावर. मी ते बघितलं. एवढ्या बारीक सुईत मला तेव्हाही दोन-तीनदा ओवावं लागायचं. तिथेच बोलायला हवं होतं. तुम्ही विचारलंत, "काम कसं चाललंय? पांढरा फार खर्चत नाहीस ना?" मी म्हटलं, नाही. मग लग्नाचं विचारलंत, आईच्या गुडघ्यांचं विचारलंत. पोहे केलेत, खोबरं भुरभुरून. मी दोनदा खाल्ले. निघताना तुम्ही दारापर्यंत आलात आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात, आणि मी चपला घालून जिना उतरले. तुम्ही गेल्याचं मला तेराव्यानंतर कळलं.

याहून वाईट पुढे आहे. आता आमच्याकडे डिझाइन कॉम्प्युटरवर होतं. हाताने रंगवणारी मी शेवटची, महिन्याला एखाद-दुसरं पान येतं, कुणा हौशी गिऱ्हाइकासाठी. कॉम्प्युटरवर दोन मुली आहेत, हुशार आहेत, एक बोरिवलीची, एक कारखान्याजवळच्या मरोळची. त्यांना हिऱ्यावर उजेड कसा पडतो ते कळावं म्हणून मी कधी कधी काळ्या कागदावर करून दाखवते. आणि काम तपासून बघायची सवय लागावी म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्या एक बाई होत्या, हात सोन्याचा, पण शेवटी नजर गेली, स्वतःच्या कागदावरचा थेंब त्यांना दिसला नाही आणि सगळा लॉट परत आला, म्हणून पोरींनो, तीनदा बघा. ही गोष्ट मी त्यांच्या आधी आलेल्या मुलींनाही सांगितली आहे. इतक्यांदा सांगितली की सांगताना माझा आवाज हलतसुद्धा नाही. तुम्हाला धडा करून टाकलं मी, बाई.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधीचे काही महिने मी जे काही रंगवलं ते पिवळट दिसायचं. मी ट्यूबा बदलल्या, दुकानदाराशी भांडले, वाट लागली सगळ्याची. शेवटी डॉक्टर म्हणाले, रंग बरोबर आहे, डोळा बदला. तेव्हा कळलं की नजर जाते म्हणजे एखादा ठिपका दिसेनासा होत नाही, सगळंच मळकं होतं. तुमचा पांढरा शेवटच्या दिवसापर्यंत कधी मळला नव्हता. हे मला वर्षभर माहीत आहे, तरीही मुलींना मी गोष्ट तीच सांगत राहिले.

तर काल, शनिवारी, मी कागद सुलटा केला. काम टाळण्यासारखं राहिलं नव्हतं. ठिपका झाकायला काळा कालवून घेतला, तुमच्या फडक्याला ब्रश पुसून टोक काढलं, आणि अंदाज घ्यायला डोळ्याला भिंग लावलं. बाई, तो थेंब नाहीये. मध्यावरचा पांढरा ओल्या ब्रशने उचललेला आहे, तिथून कागदाचा काळा डोकावतोय. भोवती केसाएवढ्या रेघा, पैलू पाडलेले, आठ मी मोजले. उजेड डाव्या हाताला वरून, तुमचा नेहमीचा, आणि तिथे टोकावर एकच घट्ट पांढरा. माझ्या शिंतोड्याचा तुम्ही हिरा केला होता. डबा खाऊन आलात, बघितलंत, माझी खाली घातलेली मान बघितलीत, आणि बसून शांतपणे तो हिरा केलात. मग पाणी बदलायला सांगितलंत. मग घरी जाऊन फडकं शिवलंत. तो म्हातारा कारागीर हात जोडून सांगत होता की पूरा पत्थर है, आणि आमच्यापैकी एकाने वाकून बघितलं नाही.

मी भिंग खाली ठेवलं. पहिल्यांदा, विचित्र वाटेल, मला तुमचा राग आला. वर जाऊन कारागिराला "तेवढा एक सोड" म्हणाला असतात तरी भागलं असतं. का नाही म्हणालात? मला वाटतं, तो दाणा तुम्हाला आवडला होता. मोराच्या चोचीतून आत्ताच निसटलेला दाणा, कुणाला सुचला नसता असा. तेवढी चूक तुमची. केबिनमध्ये मात्र तुम्ही खरं सांगितलं असतंत तर शेठचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, की शिंतोडा कुणाचा. तो प्रश्न येऊ नये म्हणून तुम्ही आंधळ्या ठरलात. मी रडले नाही. रडायला हवं होतं, पण आतून नुसता थकवा आला, जिने चढून वर गेल्यावर दार बंद असावं तसा.

दुपारी शेठचा मुलगा आला. मी म्हटलं, "तो डॉट नाही, हिरा आहे. राहू द्या." त्याने मोबाइलचा टॉर्च धरून बघितलं. "अरे, खरंच की. पण पप्पा तर म्हणायचे बाईंना दिसत नव्हतं." मी म्हटलं, "त्यांना चांगलं दिसत होतं." तो म्हणाला, "मग लॉट परत कसा आला?" आणि माझं उत्तर यायच्या आत त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत निघून गेला. मी उत्तर देणार होते का? बराच विचार केला त्याचा. फोन वाजला नसता तरी बहुतेक नाही.

मग त्या दोघी आल्या कागद बघायला. बोरिवलीची म्हणाली, "मॅडम, हाच ना तो? ज्या बाईंना दिसत नव्हतं त्यांचा?" मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने बघितलं, दुसरीला दिलं. "अगं, हा तर दगड आहे प्रॉपर." मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही सांगायचात ते?" मी म्हटलं, "चला, कामाला लागा, पाच वाजत आले." त्या गेल्या. काळा कालवलेला तसाच वाटीत सुकला.

आत्ता नवऱ्याने बाहेरून विचारलं, झाली का यादी. मी होत आली म्हटलं. उद्या सोमवार. उद्या दोघींना समोर बसवून पहिल्यापासून सांगायचं, झटकलेल्या ब्रशपासून, तुमच्या फडक्यापर्यंत, असं लिहिता लिहिता अगदी पक्कं ठरवलंय, आणि ठरवून बरंही वाटतंय. पण तुम्ही असतात तर चष्मा वर सरकवून म्हणाला असतात, ओलं आहे अजून, सुकू दे, मग बोल. म्हणून उद्याचं वचन तुम्हाला देत नाही. एक जुनंच सांगते. त्या दिवशी केबिनमध्ये शेठ तुम्हाला म्हणाले, डोळे दाखवून घ्या, तेव्हा मला हायसं वाटलं होतं, बाई. ते सुकून सव्वीस वर्षं झाली, आणि अजून तेवढंच स्पष्ट दिसतं.